'इथून मागे' कधी म्हणायचं ते घरीच कसं ठरवायचं

डिसेंबरातली गोष्ट आहे, आम्ही नऊ जण बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. गाडी उशिरा आली म्हणून गावातूनच सव्वाआठला सुटलो, खरं तर सहाला पाय उचलायला हवा होता. आदल्या दिवशी ग्रुपवर सरळ लिहिलं होतं की बाराच्या आत पहिल्या कातळटप्प्याला पोचलो नाही तर तिथून मागे. पोचलो पावणेदोनला. आणि तिथे बसून आमचं भांडण झालं, चांगलं वीस मिनिटं.

भांडण चालू असतानाच वरून दगड आला. वर दुसरा एक ग्रुप होता, त्यांच्यातल्या कोणाच्या तरी पायाखालून सुटला असेल. आधी वरून "दगssड" अशी आरोळी, मग घरंगळल्याचा आवाज, मग मधेच काहीच नाही, म्हणजे तो हवेत होता, आणि मग आमच्यापासून पंधरा फुटांवर एका धोंड्यावर आपटून त्याचे तुकडे झाले. फटाका फुटल्यावर येतो तसा जळका वास आला. सगळे कड्याला चिकटून उभे होतो, कोणाला काही लागलं नाही. आणि आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण हा सगळा लेख त्यासाठीच लिहितोय. दगड पडून दोन मिनिटं झाल्यावर आमच्यातले तिघं पुन्हा म्हणाले, "चला, अजून होईल, फास्ट जाऊ." त्या तिघांत मी होतो.

म्हणजे धोका समोर येऊन आपटला तरी मन वरच ओढत होतं. त्या जागी, त्या वेळी, घाम आलेला, अर्धी वाट झालेली, कोकणकडा डोक्यावर दिसतोय, अशा अवस्थेत माणूस हिशोब करू शकत नाही. हिशोब घरी करायचा असतो. आम्ही मागे फिरलो ते कोणाला शहाणपण सुचलं म्हणून नाही, तर एकीने फोन काढून आदल्या दिवशीचा मेसेज मोठ्याने वाचला म्हणून.

तर हा हिशोब कसा करायचा ते सांगतो, मला जसं जमलंय तसं.

पहिलं म्हणजे 'रिस्क आहे' हे वाक्य बंद करा, त्यातून काहीच कळत नाही. त्याचे दोन तुकडे करा. एक, घडायची शक्यता किती. दोन, घडलंच तर काय होईल. राजमाचीच्या वाटेवर पावसाळ्यात पाय घसरायची शक्यता भरपूर आहे, दहा जणांतले चार जण आपटतातच, पण आपटलात तर कपडे चिखलाचे होतील, फार तर घोटा मुरगळेल. कलावंतीणच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर किंवा हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पाय घसरायची शक्यता कमी आहे, पायऱ्या चांगल्या आहेत, खोबण्या आहेत, शेकडो लोक चढतात. पण घसरलात तर खाली दरी आहे. लोक पहिल्याच तुकड्याकडे बघतात, "अरे काही होत नाही, माझी आत्या पण जाऊन आली." आत्या जाऊन आली हे खरंच आहे, पण त्याने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. जिथे घसरण्याचा शेवट दरीत आहे तिथे शक्यता कमी असून चालत नाही, तिथे रोप, बिले (म्हणजे चढणाऱ्याचा रोप दुसऱ्याने धरून सांभाळणं), कोरडा कातळ आणि रिकामी वाट लागते, आणि हे नसेल तर त्या दिवशी तिथे जायचं नाही. हरिहरला पावसाळ्यातल्या रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात, अर्धा अर्धा तास खोबणीत बोटं अडकवून उभं राहावं लागतं, ओल्या कातळावर, दमलेल्या पायांनी. गड तोच, पायऱ्या त्याच, पण मंगळवारची रिस्क आणि रविवारची रिस्क वेगळी.

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे आणि मला तो सगळ्यात जास्त कामाला येतो. इथून मागे येता येईल का? कातळ चढताना डोळ्यासमोर होल्ड, म्हणजे हातापायाच्या पकडी, दिसतात, उतरताना पायाखालचं काहीच दिसत नाही, पाय हवेत चाचपडत राहतो. त्यामुळे रोप नसताना जे उतरून येता येणार नाही ते चढायचंच नाही. दहा फुटांचा टप्पा असला तरी. चार फूट चढा, मग मुद्दाम उतरून बघा, जमलं तर पुढे. घसाऱ्याच्या उतारावर पण हेच, मुरूम पायाखालून सुटायला लागला की दहा पावलं मागे येऊन बघायचं की येता येतंय का.

आता वेळेचं गणित. हे सोपं आहे आणि तरी नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम दिला, सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर आणि चढाईच्या दर ६०० मीटरला वरचा एक तास. आपल्याकडे पाठीवर सॅक, ग्रुपमध्ये दोन नवीन लोक, घसारा आणि ऊन धरून मी ६०० च्या जागी ३०० धरतो. नळीच्या वाटेची चढाई हजार मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या चढाईचेच साडेतीन तास, त्यात ओढ्यातल्या धोंड्यांवरून उड्या मारत जायचं, कातळटप्प्यांवर रोप लावून एकेकाला वर घ्यायचं, नऊ जण म्हणजे एका टप्प्याला पाऊण तास सहज. डिसेंबरात सहाला सूर्य गेलेला असतो. आता उलटं मोजत या. साडेपाचला वर हवं, तर शेवटचा टप्पा कधी, तर पहिला टप्पा कधी. असं मोजत मोजत जी वेळ येते ती तुमची परतीची वेळ. ती मनात ठेवायची नाही, लिहायची. आणि 'साधारण बारा' असं लिहायचं नाही, कारण साधारण बाराचा एक व्हायला वेळ लागत नाही.

या लिहिलेल्या वेळेचं महत्त्व कळायला १९९६ चं एव्हरेस्ट बघा. ग्योरान क्रॉप नावाचा स्वीडिश माणूस स्वीडनहून सायकल चालवत नेपाळला आला, स्वतःचं सामान स्वतः बेस कॅम्पपर्यंत वाहिलं, ऑक्सिजन सिलेंडर न वापरता चढला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला शिखर साधारण १०० मीटर राहिलेलं असताना उशीर झाला म्हणून मागे फिरला. विचार करा, अर्ध्या जगातून सायकल मारत आलेला माणूस. त्यानंतर आठवड्याभराने, १० मेला, दुसऱ्या टीम वर गेल्या, त्यातले बरेच जण दुपारी दोन उलटून गेल्यावरही वर जात राहिले आणि संध्याकाळी वादळ आलं. डोंगराच्या दक्षिण-उत्तर दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले, त्यात रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन्ही अतिशय अनुभवी लीडर होते आणि उत्तरेकडून चढणारे आपल्या आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) तीन जवान होते. क्रॉप २३ मेला पुन्हा गेला आणि शिखरावर पोचला. अनुभव हॉल आणि फिशरकडे क्रॉपपेक्षा जास्तच होता. मला यातून एवढंच कळतं की उंचीवर, थकल्यावर, पैसे भरून आलेलं गिऱ्हाईक मागे असताना, अनुभव सुद्धा घड्याळापुढे कमी पडतो.

हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करताना इयान मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने माणसाच्या डोक्यातले सहा सापळे मांडले, जाणकार लोकसुद्धा ज्यात अडकतात. ओळखीची जागा, एकदा ठरवलेलं सोडवत नाही, लोकांना बरं वाटावं म्हणून, लीडरला सगळं माहीत आहे असं समजणं, बाकीचे करतायत मग ठीकच असेल, आणि ही संधी परत येणार नाही. बर्फ सोडा, हे सगळे सापळे आपल्या सह्याद्रीत दर रविवारी लागलेले असतात. "मी राजगडला तीस वेळा गेलोय", "कसाऱ्याची शेवटची लोकल पकडून आलोय, झोप नाही, आता मागे काय", "टेम्पो ट्रॅव्हलरचे पैसे भरलेत". मला स्वतःला सगळ्यात घातक वाटतो तो 'बाकीचे करतायत'. धबधब्याखाली पन्नास लोक उभे असले की एकावन्नाव्याला वाटतं जागा सेफ आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तेव्हा आजूबाजूला माणसं होतीच की. माणसं असली म्हणजे पाणी थांबत नाही.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण पावसाळ्यात आपल्याकडे लोक कड्यावरून कमी आणि पाण्यात जास्त जातात असं मला वाटत आलंय. ओढा ओलांडायच्या आधी एक काम करा. पाण्याच्या कडेला, बरोबर जिथे पाणी टेकतंय तिथे, मुठीएवढा दगड ठेवा आणि दहा मिनिटं बसा, बिस्कीट खा. दहा मिनिटांनी दगड पाण्याखाली गेला असेल तर ओढा चढतोय, ओलांडायचा नाही, कारण आत्ता ओलांडलात तर संध्याकाळी परत येताना तो गळ्यापर्यंत असणार. तुमच्या डोक्यावर ऊन पडलं असलं तरी वर घाटमाथ्यावर काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं. अजून खुणा म्हणजे, स्वच्छ पाणी अचानक चहाच्या रंगाचं होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागणं, आणि पाण्याखालून खडखड आवाज येणं, म्हणजे तळाचे दगड सरकतायत. यातलं एक जरी दिसलं तरी काठ सोडून वर चढायचं, सॅक राहिली तर राहू दे. आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि जोरात असेल तर मी ओलांडत नाही, साखळी करून पण नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी बंदी घातली असेल तर तिला वळसा घालून जायची वाट शोधू नका, गावातल्या माणसांना मग आपल्यासाठी रात्री पाण्यात उतरावं लागतं.

मधमाश्यांचं कोणी हिशोबात धरत नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, काळी लोंबती पोळी लांबून दिसतात. परफ्यूम, डिओ, धूर, सिगरेट, आरडाओरडा, हे नको. मोहोळ वाटेजवळ असेल तर गावात विचारून दुसरी वाट घ्यायची, आणि रोप लावून कड्यावर लटकायचं असेल तर त्या कड्यावर मोहोळ नाही ना हे आदल्या दिवशीच दुर्बिणीतून बघायचं, कारण रोपवर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

गावात विचारायचं म्हणालो, ते मनापासून विचारा. बेलपाड्यात त्या दिवशी एका मामांनी आमच्याकडे बघितलं, घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, सूर्याकडे बघितलं, मग आमच्यातल्या एकाच्या कोऱ्या स्पोर्ट्स शूजकडे बघितलं आणि म्हणाले, "आज वर ऱ्हाणार का?" आम्ही म्हटलं नाही मामा, गडापलीकडच्या पाचनईला उतरून रात्रीच निघणार. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले आणि पाणी भरून घ्या म्हणाले. तो प्रश्नच सल्ला होता. गावातली माणसं पाहुण्याला तोंडावर 'जाऊ नका' म्हणत नाहीत. म्हणून "वाट ठीक आहे ना?" असं विचारू नका, "हो" च येणार. "मामा, तुमचा पोरगा असता तर आज या वेळेला पाठवला असता का?" असं विचारा.

ग्रुपमध्ये बोलायचं कसं हे पण शिकावं लागतं. लीडर ओरडतो, "कोणाला काही प्रॉब्लेम?" आणि सगळे गप्प. नवीन मुलगा पंधरा जणांसमोर हात वर करून मला भीती वाटतेय असं कधीच म्हणणार नाही. आमच्याकडे आता पद्धत अशी आहे की अवघड टप्प्याच्या खाली सगळ्यांनी थांबायचं आणि सगळ्यात नवीन माणसापासून सुरुवात करून एकेकाने सांगायचं की इथे तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय. 'वाटतेय का' असं नाही, 'कशाची' असं विचारायचं. जुना माणूस शेवटी बोलणार, कारण तो आधी बोलला की बाकीचे त्याचंच म्हणणं रिपीट करतात. आणि एकाने जरी नाही म्हटलं तर सगळ्यांचं नाही, त्यावर मतदान घ्यायचं नाही, 'का' म्हणून विचारायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकदा कोणाला परतीच्या गाडीत "तुझ्यामुळे राहिला गड" असं ऐकावं लागलं की तो माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, आणि पुढच्या वेळी कदाचित तोंड उघडायलाच हवं असेल.

हे टोमणे आपल्याकडे फार आहेत. "मावळ्यांचं रक्त आहे ना, मग?" "हिरकणी रात्रीच्या अंधारात कडा उतरली आणि तू दिवसा घाबरतोस." मला हिरकणीची गोष्ट लहानपणापासून आवडते, रायगडाचा तो बुरुज बघून आजही अंगावर काटा येतो, पण ती उतरली ते घरी तान्हं बाळ होतं म्हणून. तिच्याकडे कारण होतं. आपल्याकडे त्या दिवशी काय कारण आहे ते एकदा स्वतःला विचारायला पाहिजे, आणि उत्तर फोटो असेल तर तसं प्रामाणिकपणे म्हणायला पाहिजे. आणि मावळ्यांचंच काढायचं तर महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, त्यात कोंढाणा होता. १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला. मागे येणं हे आपल्या इतिहासात बसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन सालांमधली पाच वर्षं नीट बघावीत.

पैसे भरून ग्रुपबरोबर जाणार असाल तर आयोजकाला विचारायला लाजू नका. किती लोकांमागे एक लीडर? त्याने बेसिक किंवा अॅडव्हान्स माउंटेनिअरिंग कोर्स केलाय का? हेल्मेट प्रत्येकाला आहे का? परतीची वेळ काय ठरवली आहे? रोपचा ट्रेक असेल, अलंग-मदन, लिंगाणा, वानरलिंगी, तर अँकर (रोप जिथे बांधतात ते पॉइंट) किती लावता आणि कड्यावरच्या जुन्या मेखा-बोल्टवर किती भरवसा ठेवता हे विचारा. चांगला लीडर म्हणेल की एकाच पॉइंटवर आम्ही कधीच लोड टाकत नाही, बॅकअप असतो, जुना बोल्ट तपासल्याशिवाय वापरत नाही. "टेन्शन नका घेऊ, आपलं रोजचं आहे" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. महाराष्ट्र सरकारचं २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात आयोजकांच्या नोंदणीचा विषय आहे, तेही विचारा.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण तिथली रिस्क डोळ्यांना दिसत नाही. सह्याद्रीतला फिटनेस तिथे उंचीपासून वाचवत नाही, उलट फिट माणूस भराभर चढतो आणि आधी आजारी पडतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, जेवण जात नाही, तर त्याला माउंटन सिकनेस समजूनच चालायचं आणि वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली, रात्र असली तरी, सकाळची वाट बघायची नाही. यात चर्चा नसते.

घरी काय सांगून जायचं. "ट्रेकला चाललोय" एवढं पुरत नाही. कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, सोबत कोण, गाडीचा नंबर, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आमच्या घरी फ्रिजवर कागद लावलेला असतो, रात्री १० पर्यंत फोन नाही आला तर आधी गावातल्या ज्यांच्याकडे जेवलो त्यांना, मग ११२. लोणावळा-खोपोलीकडे असाल तर शिवदुर्ग मित्र किंवा यशवंती हायकर्ससारख्या रेस्क्यू करणाऱ्या संस्थांचे नंबर आधीच सेव्ह करा, रेंज गेल्यावर शोधता येत नाहीत. ही सगळी आपापले कामधंदे सोडून धावून येणारी माणसं आहेत, स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याला काढतात, तर बोलावताना लाजायचं नाही आणि उशीर पण करायचा नाही. टॉर्च प्रत्येकाकडे स्वतःचा, मोबाईलचा नाही. शिट्टी. पाणी माणशी ३-४ लिटर, मार्चनंतर आणि ऑक्टोबरात त्याहून जास्त, ओआरएस. एवढं पुरे.

आता आमचा आदल्या दिवशीचा मेसेज कसा असतो तो तसाच देतो, वाटलं तर कॉपी करा: "उद्या सकाळी ६ ला गावातून. पहिल्या टप्प्याला ११.३० च्या आत, नाहीतर मागे. रात्री किंवा पहाटे पाऊस झाला, कातळ ओला असेल तर वर जायचंच नाही, गावातून भैरवगडाचा पायथा फिरून येऊ. कोणीही नाही म्हणालं तर सगळे मागे. हेल्मेट नसेल तो खाली थांबेल. हे पटत नसेल तर आत्ता बोला, उद्या नाही." दुसरा ऑप्शन लिहिलेला असतो हे बघा. मागे फिरल्यावर दिवस फुकट गेला असं वाटायला नको, नाहीतर कोणी फिरत नाही.

आणि एक काम ट्रेक झाल्यावरचं. नीट परत आलो म्हणजे बरोबरच वागलो असं नसतं, कधी कधी नुसतं नशीब असतं, आणि डोंगर ते वेगळं करून सांगत नाही, ते आपणच शोधायचं. खाली गावात टपरीवर चहा आला की आम्ही प्रत्येकाला विचारतो, आज कुठे नशिबाने वाचलो? आधी सगळे म्हणतात कुठेच नाही, मस्त झाला. मग कोणीतरी सुरू होतं. गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी, तिचा दुसराच ट्रेक, कप हातात फिरवत म्हणाली की उतरताना तिसऱ्या टप्प्यावर माझे पाय लटलट कापत होते, पण मागे रांग लागली होती म्हणून मी बोलले नाही. आमच्यातल्या कोणालाच कळलं नव्हतं. पुढच्या ट्रेकला तिला रांगेत दुसऱ्या नंबरला घेतली, लीडरच्या बरोबर मागे, आणि तिच्या मागच्याला सांगितलं की दहा पावलं अंतर ठेवून चाल.